मागं राहिलेल्या गोळ्या

आमच्या घनसावंगीच्या भागात माणूस गेलं की तेराव्याच्या आत त्याची औषधं घराबाहेर काढतात. अंथरूण काढतात, तशीच. मागं राहिलेली गोळी घरात ठेवली तर ती दुसरं माणूस शोधते, असं बायका म्हणतात. आता ही औषधं टाकायची कुठं? उकिरड्यावर टाकावीत तर जनावर खाईल. खड्ड्यात पुरावीत तर मन होत नाही, कारण घरातलं काहीबाही मोडून ती आणलेली असतात. मग घरातलं कोणीतरी, बहुतेक वेळा जावई, ती एका पिशवीत भरतो आणि जिथून आणली तिथं, म्हणजे मेडिकलवर, आणून ठेवतो. पैसे मागत नाही. बोलतही नाही. पिशवी काउंटरवर ठेवायची आणि मागं वळून न बघता निघून जायचं.

तीस-बत्तीस वर्षं मी त्या काउंटरच्या आतल्या बाजूला उभा होतो. बसस्टँडसमोर, रसवंतीला लागून माझं मेडिकल. दोन वर्षांपूर्वी दुकान भाच्याच्या हवाली केलं आणि घरी बसलो. या अंकाच्या संपादकांनी फोन केला, म्हणाले, औषधं इतकी महाग झालीत, लोक कसं निभावतात त्यावर लिहा. मी म्हणालो, लिहितो, पण मग त्या पिशव्यांचंच लिहावं लागेल. ते म्हणाले, लिहा की. त्यांना वाटलं असेल, म्हातारा काहीतरी गमतीचं सांगणार.

महाग औषध निभावण्याच्या तऱ्हा मी भरपूर पाहिल्या. एक दिवसाआड गोळी घेणं ही सगळ्यात साधी. दोन जावांना एकच आजार असला तर एकीच्या चिठ्ठीवर दोघी. दम्याचा फवारा तिघा भावांत एक. बरं वाटलं की बंद, चक्कर आली की चालू. "ह्या पाच गोळ्यांमधली कोणती सोडली तर चालंल?" हा प्रश्न रोज एकदा तरी यायचा. डॉक्टरला विचारायची हिंमत नसायची, म्हणून मला. दुसऱ्या कंपनीची स्वस्त गोळी मी सुचवायचो, ती बहुतेक वेळा तितकीच चांगली असते. पण भाव कमी ऐकला की लोकांना गुणही कमी वाटतो. "मालकासाठी भारीचीच द्या, मला हलकी चालंल," असं म्हणणाऱ्या बायका मोजायला बसलो तर हा अंक पुरायचा नाही. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचो, "गोळ्या रोज घेता ना?" लोक खोटं बोलायचे. खोटं बोलताना माणूस काउंटरच्या काचेकडं बघतो, हे मला अनुभवानं माहीत झालं होतं.

आता कायद्याचं सांगतो. एकदा विकलेलं औषध परत घेऊन दुसऱ्याला देता येत नाही. कायदा तसा आहे आणि बरोबर आहे. कोणाच्या घरी गोळी उन्हात होती की चुलीजवळ, हे दुकानदाराला काय कळणार? म्हणजे पिशवी आली की ती नष्ट करायची. सुरुवातीची काही वर्षं मी तसंच केलं, मागच्या मोकळ्या जागेत खड्डा घेतला होता. मग एका दुपारी असं झालं की काउंटरच्या एका टोकाला एका मयताची पिशवी होती आणि तिच्यात साखरेच्या आजाराच्या गोळ्यांची अकरा कोरी पाकिटं. दुसऱ्या टोकाला त्याच गोळीची चिठ्ठी घेऊन एक बाई उभी. म्हणाली, "चारच द्या, बाजाराच्या दिवसापर्यंत पुरवते." चार गोळ्या कापायला मी कात्री उचलली आणि परत खाली ठेवली. त्या दिवसापासून पिशव्या खड्ड्यात गेल्या नाहीत. फरसाणाचा एक मोठा पत्र्याचा डबा होता, त्यात गेल्या.

हा गुन्हाच होता, पण मी तो शिस्तीनं केला. पातळ औषध घ्यायचं नाही. इन्सुलिन घ्यायचं नाही, ते थंडीतच टिकतं. कापलेलं पाकीट घ्यायचं नाही. औषधाची मुदत पाकिटाच्या एका टोकाला छापलेली असते. चांगला दुकानदार दुसऱ्या टोकाकडून कापत येतो, म्हणजे शेवटच्या गोळीपर्यंत मुदत दिसते. पण चार-चार गोळ्या नेणाऱ्याच्या नशिबी मधला तुकडाच येतो. त्यावर मुदत नसते आणि औषधाचं नावही अर्धंच असतं. असे तुकडे मी फेकायचो. कोरं पाकीट, मुदत लांबची, तेवढंच डब्यात. आणि डॉक्टरची चिठ्ठी बघितल्याशिवाय कोणाला काही द्यायचं नाही.

प्रत्येक पाकिटाला मी एक कागद बांधायचो. त्यावर ज्याची औषधं होती त्याचं नाव. ही पद्धत माझी नव्हे, गयाबाईची.

गयाबाई म्हणजे जवळच्या खेड्यातली सत्तरीची म्हातारी, अंगानं काटक, जिभेनं त्याहून. तिला रक्तदाब. मी डब्यातली तीन पाकिटं पुढं केली तर हात मागं घेऊन बसली.

"फुकट कामून देऊ राह्यला?"

खरं ते सांगितलं. तिनं मान वाकवून पाकिटांकडं बघितलं. मग म्हणाली, "कोणाच्या हायेत?"

"तुला काय करायचंय आजी?"

"नाव सांग. दुसऱ्याच्या ताटातलं मी न विचारता खात न्हाई."

मी नाव सांगितलं. तिनं गोळी काढली, कपाळाला लावली, त्या माणसाचं नाव घेतलं आणि म्हणाली, "तुझं तू खाल्लं, उरलं ते मी खाते, मागं लागू नको." मग गिळली. तिनं हे चार बायकांना सांगितलं असणार, कारण पुढं डब्यातली गोळी घेणारा प्रत्येक जण मला आधी तेच विचारायला लागला. कोणाच्या हायेत?

महिन्यानं गयाबाई परत आली. बाकावर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, हे मानूस लई तापट व्हतं का?"

"कामून?"

"गोळी घेतली की घटकाभरात माझा हात सुनंवर उठायला बघतो. माझ्या जन्मात मी कोणावर हात उचलला न्हाई. काल मी माझाच हात दुसऱ्या हातानं धरून बसल्ते."

मी हसून वेळ मारून नेली. पण त्या माणसाला मी ओळखत होतो. त्याच्या मारानं एक बायको माहेरी पळाली होती आणि दुसरी मुकी झाल्यासारखी झाली होती. गयाबाईला हे कळायचं काही कारण नव्हतं, तिचं गाव वेगळं, नात्यागोत्याचाही संबंध नव्हता. मी तिला त्याच गोळीचं दुसरं पाकीट दिलं, भजनात पेटी वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्याचं. पुढच्या खेपेला म्हणाली, "हा बरा हाय. नुसता कानात गुणगुण करतो." रक्तदाबाच्या गोळीनं कानात आवाज येऊ शकतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. गोळी तीच, मग पहिल्या पाकिटानं का आले नाहीत, ते पुस्तकात नव्हतं.

असलं काही मी मानणारा नाही. विज्ञान शिकलेला माणूस आहे. पण डब्यातली एखादी गोळी संपली की आठ-पंधरा दिवसांत तीच गोळी घेऊन पिशवी यायची, हे मी वर्षानुवर्षं बघत होतो. त्याचं मी उत्तर ठेवलं होतं: साखर, रक्तदाब, हृदय, हे आजार घरोघरी, माणसं मरणारच आणि गोळ्या येणारच. उन्हाळ्यात दुपारी दुकान रिकामं असलं की तापलेला डबा टक टक वाजायचा. पत्रा तापला की वाजतोच. तरी मी त्या वेळी डब्याकडं पाठ करून बसत नसे.

मग मनीषा आली आणि माझं उत्तर तिच्या बाबतीत चालेना.

मनीषा तेव्हा अठ्ठावीस-एकोणतीसची असेल. नवरा वडीगोद्रीच्या रस्त्यावर भाड्याची जीप चालवायचा. एक लहान मुलगी. मनीषाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या आणि आईनं आपली एक दिली होती. ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं, पण त्यानंतरच्या गोळ्या जन्मभर स्वतःच्या खर्चानं. दुसऱ्याची किडनी बसवली की शरीर तिला परकी म्हणून ओळखतं आणि हाकलायला बघतं. घराच्या दारातलं राखणीचं कुत्रं पाहुण्यावर धावतं, तसं. ही गोळी त्या कुत्र्याला गुंगीत ठेवते. सकाळी एक, संध्याकाळी एक. गोळी चुकली की कुत्रं जागं होतं. दोन-चार दिवसांत कळत नाही, दोन-चार महिन्यांत कळतं आणि तेव्हा उशीर झालेला असतो. यात स्वस्तातली दुसरी कंपनीही चालत नाही. कंपनी बदलली की रक्तातलं औषधाचं प्रमाण बदलतं, म्हणून डॉक्टर बदलू देत नाहीत. महिन्याच्या गोळ्यांना तिच्या नवऱ्याची निम्म्याहून जास्त कमाई जायची. मी माझा नफा सोडला होता. कंपनीच्या माणसाला गळ घालून एकदा-दोनदा थोड्या फुकट मिळवल्या. त्यानं काय होतंय?

एकदा काउंटरच्या काचेकडं बघत ती म्हणाली, "काका, सकाळची सोडून नुसती रातची घेतली तर काय होतं?"

"किती दिवस झाले सोडू राह्यलीस?"

"वीस दिवस झाले असतील."

मी इतका ओरडलो की रसवंतीवरची माणसं वळून बघायला लागली. ती रडली नाही. म्हणाली, "आईजवळ आता द्यायला दुसरी न्हाई, येवढं मला कळतं काका. पण पोरीचं दूध बंद करू का?" रक्त तपासून घे म्हणालो. सुदैवानं धक्का लागला नव्हता. डॉक्टरनी बजावून सांगितलं की परत असं झालं तर किडनी वाचणार नाही.

त्या गोळीचं पाकीट डब्यात कुठून येणार? आमच्या अख्ख्या भागात ती गोळी घेणारी तीन माणसं मला माहीत होती. एक मनीषा. दुसऱ्या वडीगोद्रीकडच्या एका शिक्षकाच्या पत्नी. त्या त्याच वर्षी न्यूमोनियानं गेल्या आणि त्यांची पिशवी आली, कंपनी आणि ताकद तीच. मनीषानं नाव विचारलं, गोळी कपाळाला लावली आणि दोन महिने निघाले. तिसरे होते कुलकर्णी साहेब.

कुलकर्णी साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीच्या जवळपासचे. घरी एकटे. मुलगा अनिकेत पुण्याला मोठ्या कंपनीत, औषधाचे पैसे तो पाठवायचा. त्यांची किडनी त्यांच्या पत्नीची होती. ती दिल्यावर तीन वर्षांनी त्या हृदयविकारानं गेल्या. साहेब मला चेष्टेनं वैद्यराज म्हणायचे. एकदा म्हणाले, "वैद्यराज, आमच्या घरात आता हिचं एवढंच चालू आहे. सकाळ-संध्याकाळ गोळी घेऊन मी त्याची राखण करतो." हे ते हसत बोलले, पण मला दिवसभर ते वाक्य नको वाटत होतं.

दोघांचा दवाखाना एक, डॉक्टर एक, गोळीची कंपनी आणि ताकद तीच. मी जालन्याहून एस.टी.च्या पार्सलनं दोघांसाठी मागवायचो आणि घोटाळा नको म्हणून साहेबांच्या पाकिटांवर पेनानं 'कु' लिहायचो.

साहेबांना मनीषाचं मीच सांगितलं. पार्सलची वाट बघत ते बाकावर बसले होते आणि मी सवयीनं बडबड करत होतो. तुमच्याच गोळीची एक पोर आहे, वीस दिवस सकाळची सोडली होती मूर्खानं, वगैरे. त्यांनी चष्मा काढून पुसला. "तिला रोजच्या किती?" म्हणाले. तुमच्याइतक्याच, म्हणालो. पुढं एक-दोनदा ती दोघं बाकावर एकत्र बसलेली मला दिसली. मला बरं वाटलं, एका आजाराची माणसं एकमेकांना धीर देतात.

त्या संक्रांतीनंतर साहेब महिन्याऐवजी तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम नेऊ लागले. मुलगा म्हणतो सारखी धावपळ नको, असं म्हणाले. मला ते बरोबर वाटलं.

आता जे सांगायचंय ते सांगायला मला दोन वर्षं लागली असती तर नवल नव्हतं, सात लागली.

त्या उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं की मी माणसांकडं वेगळ्या नजरेनं बघतोय. कोणी जिन्यावरून पडला ऐकलं की मनात यायचं, याच्या घरी रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील. कोणाची आई अंथरुणाला खिळली की, हिची फेफऱ्याची गोळी महाग आहे, महिनाभराची तरी उरेल. मी तसं ठरवून करत नव्हतो. आलेल्या माणसाला मी नमस्कार करायचो, आणि त्याच वेळी आत कोणीतरी त्याच्या घरातली पाकिटं चाचपत असायचं. एकदा बायको म्हणाली, "तुम्ही असं काय बघताय माझ्याकडं?" मी तिच्या थायरॉइडच्या गोळीचा विचार करत होतो. त्या रात्री मी जेवलो नाही.

वैशाखात साहेब दुकानाची पायरी चढले तेव्हा मला त्यांचे पाय दिसले. चपलेचा पट्टा मांसात रुतला होता. चेहऱ्याला सूज होती, डोळ्यांखाली पिशव्या. मेडिकलच्या पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल, किडनी बसवलेल्या माणसाच्या पायाला सूज आली की पहिला प्रश्न कोणता विचारायचा. जो प्रश्न मी बत्तीस वर्षं प्रत्येकाला विचारला, चार आण्याची गोळी नेणाऱ्यालाही विचारला, तो. गोळ्या रोज घेता ना?

मी विचारला नाही.

"साहेब, पाय सुजलेत," एवढंच म्हणालो.

"मीठ जरा जास्त होतंय," ते काचेकडं बघत म्हणाले.

मी ते बघितलं. ते कुठं बघताहेत ते मला दिसलं, त्याचा अर्थ मला ठाऊक होता, आणि माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही की संक्रांतीनंतरच्या तीन महिन्यांच्या यांच्या घरी पडून असतील. मी त्यांना मीठ कमी करा म्हणालो. पुढच्या तीन महिन्यांची पाकिटं मोजून दिली. आषाढाच्या शेवटी परत आले तेव्हा त्यांना पायरी चढवेना, मी खाली उतरून पिशवी हातात दिली. तेव्हाही विचारलं नाही. मनीषा त्या दिवशी बाकावर होती. ती उठून आत सरकली.

श्रावण लागला आणि साहेब संभाजीनगरच्या दवाखान्यात वारले.

बाराव्या दिवशी अनिकेत स्वतः आला. मोठी कापडी पिशवी काउंटरवर ठेवली, पण इतरांसारखा वळून निघून गेला नाही. शहरात वाढलेला, त्याला रीत माहीत नव्हती. म्हणाला, "काका, शेजारच्या मावशींनी भरून दिलंय सगळं, घरात ठेवू नका म्हणाल्या. डॉक्टर म्हणतात, शरीरानं किडनी नाकारली. इतकी वर्षं चालली आणि अचानक का, ते त्यांनाही सांगता येत नाही. गोळ्या तर बाबा तुमच्याकडून नियमित न्यायचे ना?"

"नियमित न्यायचे," मी म्हणालो. ते खरं होतं.

तो गेल्यावर मी पिशवी रिकामी केली. संक्रांतीनंतर मी दिलेली सगळी पाकिटं तिच्यात होती. एकाही पाकिटाची एकही गोळी काढलेली नव्हती. रबर लावून महिन्यामहिन्याचे गठ्ठे केले होते. दोन पाकिटांवर मी लिहिलेला 'कु' त्यांनी काट मारून खोडला होता. बाकीच्यांवर खोडायचा राहिला होता, की हात चालत नव्हता, कोणास ठाऊक. तळाला दवाखान्याची फाइल होती. शेवटच्या पानावर डॉक्टरनी लिहिलं होतं: रक्तात औषधाचं प्रमाण जवळजवळ नाही, गोळ्या नियमित घेतो असं रुग्णाचं म्हणणं, गोळ्या चालू ठेवाव्यात.

भर दुपार होती. डबा टक टक वाजत होता, ऊन नव्हतं तरी. मी पाकिटं त्यात ठेवली नाहीत. काउंटरवरच मांडून बसलो. दोन तासांनी मनीषा आली. मी बोलावलं नव्हतं.

तिनं पाकिटांकडं बघितलं. "कोणाच्या हायेत?"

"कुलकर्णी साहेबांच्या."

"येवढ्या कशा राह्यल्या, काका?"

त्या डब्यातून मी शेकडो माणसांना गोळ्या दिल्या आणि कोणाला कधी खोटं सांगितलं नाही. चोराच्या गोळ्या दिल्या तर चोराच्या म्हणून दिल्या. पण या पोरीनं खरं ऐकलं आणि गोळी नको म्हणाली तर? मग दोन माणसं जाणार होती. मी म्हणालो, "त्यांच्या डॉक्टरनीच बंद केल्त्या. त्यांना लागू पडत नव्हत्या."

ती माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली. मग एक गोळी काढली, कपाळाला लावली, साहेबांचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट. साहेबांच्या वडिलांचं नाव मलाही माहीत नव्हतं.

त्या गोळ्या नऊ महिने पुरल्या. त्यानंतर एका ट्रस्टकडं तिचा अर्ज मंजूर झाला, आता तिला निम्म्या किमतीत मिळतात. किडनी चांगली आहे. मुलगी आठवीत गेली. डबा मी त्याच वर्षी बंद केला. पिशव्या अजून येतात, भाचा त्या नियमाप्रमाणं नष्ट करतो, आणि बाया त्याला मनातल्या मनात शिव्या देतात. त्यांचं चूक नाही.

हे छापून यायच्या आधी मी अनिकेतला फोन करून सगळं सांगितलं. त्यानं दोनदा तारखा विचारून घेतल्या. शेवटी म्हणाला, "नावं बदला आणि लिहा." तशी बदलली आहेत.

लिहायचं धाडस कशानं झालं, ते राहिलं. यंदा उन्हाळ्यात मनीषा घरी आली. बायको चहा देऊन आत गेली. मनीषा कपाकडं बघत म्हणाली, "काका, त्या दिवशी तुम्ही खोटं बोलल्ता."

मी माझा कप बाजूला सरकवला.

"डॉक्टरनी न्हाई बंद केल्या. त्याह्यनीच केल्या. मला ठाऊक व्हतं. तुम्हाला ठाऊक हाय का ते बघायला मी इचारलं, येवढ्या कशा राह्यल्या म्हणून."

"तुला कोणी सांगितलं?"

"तेच सांगून गेल्ते. तुम्ही स्टँडवर पार्सल आणायला गेल्ता. ते म्हणाले, बाळ, मी माझ्या बंद केल्यात, आता मी आणीन त्या तुझ्या. तू तिशीची, मी पंचाहत्तरीचा. माझं काय राहिलंय? कोणाला बोलू नको, वैद्यराजांना तर बिलकुल नको. आत्ता दिल्या तर त्यांना कळंल, मी गेल्यावर पिशवीतून तुला मिळतील. मंग स्वतःचं नाव सांगितलं मला, वडिलांचं, आडनाव, समदं. म्हणाले, नीट पाठ कर, तुला घ्यावं लागंल."

"मग तू काय म्हणालीस?"

तिनं कप खाली ठेवला. "पोरगी मांडीवर झोपल्ती. नको म्हणायचं तोंडात आल्तं, काका. पर मी नको म्हणले न्हाई. त्याच्यानंतर दोनदा ते दुकानात आल्ते. पाय सुजेल, तोंड सुजेल. मी बाकावर बसून बघत व्हते."

"मीही बघत होतो," मी म्हणालो.